कुऱ्हाडीखालची मोटार

घणाचा पहिला घाव मडगार्डवर बसला तेव्हा अख्तरबानो चुलीपुढे भाकरी थापत होती. आवाजासरशी हातातली भाकरी तव्याऐवजी राखेत पडली. ती पिठाच्या हातांनीच बाहेर धावली.

अंगणाच्या कडेला चार खांबांवर पत्रे टाकलेले होते, आणि त्यांच्याखाली तिच्या नवऱ्याची मोटार. रमजान खापरकडच्या जालमसिंग जहागीरदारांचा ड्रायव्हर होता. जहागीरदारांनी नवी गाडी घेतली आणि ही जुनी, कापडी टपाची, पितळी दिव्यांची गाडी त्यालाच देऊन टाकली. पुढे रमजान तापानं गेला. घरात उरली त्याची बायको, म्हातारी आई खातून आणि धाकटा भाऊ अनीस.

अनीस घण घेऊन उभा होता. त्याच्या शेजारी हारुन लोहार, लोखंड कापायची करवत घेऊन.

"काय करी ऱ्हायना रे?"

"मागलं अंग कापस, फळ्या ठोकस," अनीस म्हणाला. "रनाळ्यानी मिरची ठेसनवर नेवानी शे. लढाई सरनी तरी लॉऱ्या भेटत नहीत. आठे अंगनमा सोनं उभं शे आनि आपन उपाशी."

"आज सुगनचंदशेठ येवाना शेतस. सांजपर्यंत थांबना असता तं काय बिघडतं?"

सुगनचंद नंदुरबारातल्या कापसाच्या दलालाचा मुलगा. जुन्या मोटारींचं त्याला वेडच. आधी एकदा येऊन तो गाडीखाली अक्षरशः पाठीवर लोळला होता. उठल्यावर कपडे झटकत म्हणाला होता, "बहेन, जे मूळनं शे ते तसंच राहू दे. इंजिन तेच, पत्रा तोच, दिवे तेच. नवं बसाडशी तं किंमत उतरी. आनि कापशी तं ती मोटार नही, भंगार." पुढच्याच आठवड्यात अनीसनं एक दिवा काढून तांबटाला वितळवायला विकला. शेठनं निरोप पाठवला, दिवा गेला, भाव पडला. तेव्हापासून दीर-भावजयीत शब्द उरले नव्हते, नुसत्या शिव्या.

"शेठना पैसा कोना हातमा जाई? तुन्हा!" अनीस ओरडला. "मंग तू जाशी मायेर. मन्हा भाऊनी गाडी, आनि मी हमाली करू?"

त्यानं घण बॉनेटवर उचलला. अख्तरबानो मध्ये शिरली. त्यानं डाव्या हातानं तिच्या तोंडात भडकावली. ओठ फाटला, हनुवटीवर रक्त उतरलं. ती मागे हटली नाही. दाराखालच्या पायफळीवर गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल पडलं होतं ते तिनं उचललं आणि घण धरलेल्या त्याच्या मनगटाच्या वर, होता नव्हता तेवढा जोर लावून हाणलं.

वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. घण खाली पडला. अनीस आपल्या लोंबत्या हाताकडे नवलानं बघतच राहिला, जणू तो दुसऱ्याचाच होता. मग कळ आली, आणि कळेबरोबर असा संताप की त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं. डाव्या हाताभोवती त्यानं तिची वेणी गुंडाळली आणि तिचं डोकं गाडीच्या दारावर आपटलं. एकदा. पुन्हा. कपाळ फुटून रक्त चामडी सीटवर सांडलं.

"अनीसभाई, बाईमानूस शे! मरी जाई ती!" हारुन मध्ये पडला. अनीसनं त्याच्या पोटात लाथ घातली. हारुन खांबावर आदळून कळवळत बसला.

अख्तरबानो चाकाला टेकून खाली घसरली. तिला सगळं लाल आणि लांबचं दिसत होतं. अनीस सरपणाच्या ढिगाकडे गेला आणि डाव्या हातात कुऱ्हाड घेऊन परतला. तो गाडीकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. तिला एकच वाटलं, हा रमजानसारखाच चालतो.

खातून दारात मिरच्या कुटत होती. गाडी कापायला तिचीच संमती होती. सुनेला थप्पड बसली तेव्हाही ती जागची हलली नव्हती. पण पोरानं कुऱ्हाड उचलली तशी ती उखळातली ओंजळ भरून धावली आणि कुटलेली मिरची तिनं पोटच्या पोराच्या डोळ्यांत भिरकावली.

अनीसची किंकाळी गल्लीभर ऐकू गेली. हातातली कुऱ्हाड सुटून बॉनेटच्या कडेत रुतली आणि तिथंच थरथरत राहिली.

"फाशीवर गया असता, भडव्या!" म्हातारी त्याच्या छातीवर बुक्क्या मारत रडत होती. मग तिनंच त्याला ओढत नेऊन ताकानं डोळे धुतले.

दुपारी हाडवैद्यानं अनीसचा हात बांबूच्या कामट्यांत बांधला. ऊन उतरायच्या वेळी सुगनचंदशेठ आला. अंगणातलं रक्त त्यानं धोतर सावरून ओलांडलं आणि सरळ गाडीपाशी गेला. चेपलेल्या मडगार्डवरून, बॉनेटच्या जखमेवरून त्यानं आजाऱ्याच्या अंगावरून फिरवावा तसा हात फिरवला. बॉनेट उघडून इंजिनवरचा नंबर पाटीशी ताडून पाहिला. मग कुठं त्याची नजर अख्तरबानोच्या कपाळाच्या चिंधीकडे गेली.

"लागनं का?"

"गाडीले की माले?"

शेठ ओशाळला. "पत्रा ठोकीसन सरळ व्हई जाई," तो हळूच म्हणाला. "कापेल नही ना, तेच मोठं. पन सीटवर रगत शे. लोके अपशकुनी म्हनतीन."

"मन्हं रगत शे. अपशकुन काबर व्हई?"

त्यानं भाव आणखी पाडून मागितला. ती घासाघीस करायला उठून उभी राहिली, पण अंगण फिरायला लागलं म्हणून पुन्हा बसली. बसल्या बसल्याच ती दिव्याच्या तुटीचे सोडून एक पैसाही कमी करायला तयार झाली नाही. शेवटी शेठनंच मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी गाडी गेली. आतल्या खोलीत अनीस सुजलेले डोळे भिंतीकडे करून पडून होता. अख्तरबानोनं आलेल्या पैशांतला अर्धा वाटा सासूच्या पदरात टाकला. "त्याले सांगजा, मिरचीसाठी गाडाबैल ले म्हना."

"तूच सांग."

ती उंबऱ्यापर्यंत गेली. अनीसनं तिची चाहूल ओळखली, त्याचा बांधलेला हात दचकून छातीशी गेला. तो हात तिनं मोडला होता, आणि तिला त्याचा पस्तावा नव्हता. ती उंबऱ्यावरूनच वळली.

रनाळ्याला तिच्या भावाचं घर होतं. बैलगाडीत बोचकं ठेवताना खातून शेजारी उभी होती. तिनं सुनेच्या कपाळाची चिंधी नीट बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"जाय," म्हातारी म्हणाली. "आठे राहशी तं तुम्हनापैकी एक मरी. मन्हाजवळ आता मिरची फेकानी ताकद नही."

अख्तरबानोनं तिचे हात धरले. बोटांच्या पेरांत अजून लाली होती. मग गाडीवानानं बैलांना हाक दिली.