चाळीस-चाळीस, आणि माझी नणंद

मला चौकशा फार. नवरा म्हणतो, पोलिसात गेली असतीस तर नाव काढलं असतंस. पण मी टेनिस खेळते, तेही डबल्स, आणि तेही अशा स्पर्धांमध्ये, जिथे चेंडू आपले आपणच गोळा करायचे आणि प्रेक्षक म्हणजे कुत्र्याला फिरवायला आलेला एखादा माणूस. माझी जोडीदार माझी सख्खी नणंद. आधी आमची जोडी जमली, मग मी तिच्या भावाशी लग्न केलं. घरात तिला बारकी म्हणतात. बारकं म्हणावं असं तिच्यात आता काही उरलेलं नाही. तिचे खांदे बघून समोरच्या मुली जरा गप्पच होतात.

तिची एक गोष्ट मला इतक्या वर्षांत उमगली नव्हती. डबल्समध्ये चाळीस-चाळीस झालं की पुढच्या एकाच पॉइंटवर गेमचा निकाल लागतो, आणि समोरून येणारी सर्व्हिस दोघींपैकी कुणी घ्यायची ते घेणाऱ्या जोडीनेच ठरवायचं असतं. बाकीच्या जोड्या तोंडासमोर रॅकेट धरून कुजबुजतात. आमच्यात चर्चाच नाही. बारकी "मी घेते" म्हणते आणि चालू लागते. मी मुकाट्याने नेटपाशी जाऊन उभी राहते.

का? ऐन वेळी माझा हात कापतो असं तिला वाटतं का? की घरात धाकटी म्हणून तिचं कुणी ऐकलं नाही, त्याचा वचपा ती कोर्टावर काढते? मी सासूबाईंनाही आडून आडून विचारून पाहिलं. "लहानपणापासून हट्टीच आहे ती," एवढंच म्हणाल्या, आणि वर माझ्या तब्येतीची चौकशी केली.

शेवटी उपांत्यपूर्व सामन्याच्या सकाळी, हॉटेलच्या तळघरात आमचे घामट कपडे मशिनमध्ये गरगरत असताना, मी सरळच विचारलं.

"बारके, चाळीस-चाळीसला नेहमी तूच का गं घेतेस?"

"सवय," ती म्हणाली.

तेवढ्यात दारातून वाकून लंबू आत आली. ही आमच्यातली सगळ्यात उंच आणि क्रमवारीत आमच्यापेक्षा बरीच वर असलेली खेळाडू. तिची जोडीदार दुखापतीने घरी गेली होती. माझ्याकडे न बघता ती बारकीला म्हणाली, "मग, काय ठरलं तुझं? आज संध्याकाळी नावं द्यायची आहेत," आणि आपले टॉवेल उचलून गेली.

रागावले की मी बारकीला अहोजाहो करते.

"वन्सं, काय चाललंय तुमचं?"

"मोठ्या स्पर्धांना माझ्याबरोबर खेळ म्हणतेय. पुढचं वर्षभर."

"मग?"

"बघू," म्हणत ती मोज्यांच्या जोड्या लावत बसली.

बारकी गेली तर माझा खेळ संपल्यातच जमा होता. एकेरीच्या क्रमवारीत माझं नाव शोधायचं तर भिंग घेऊन बसावं लागेल. पण खरं सांगायचं तर मला क्रमवारीचं नव्हतं इतकं वाईट वाटत. हिच्याशिवाय परगावच्या हॉटेलांत राहायचं, ही कल्पनाच सोसवेना.

सामन्यात पहिला सेट आम्ही हरलो. दुसऱ्यात चाळीस-चाळीस झालं. "मी घेते," बारकी म्हणाली. नेटवर उभं असताना समोर बघायचं असतं, मागे वळून जोडीदाराकडे बघणं म्हणजे शुद्ध गाढवपणा. पण मला राहवेना, मी वळून पाहिलंच. बारकी भाजी निवडायला बसल्यासारखी निवांत होती. कपाळावर एक आठी नाही. मी पुन्हा पुढे वळेपर्यंत तिने पॉइंट मारलासुद्धा.

बाजू बदलताना खुर्चीत बसल्या बसल्या मी तिला धरलंच. "तुझा माझ्यावर भरवसा नाही ना? सांगून टाक एकदा."

तिने बाटली खाली ठेवली. "वेडी आहेस का? अगं, मला बघवत नाही. दादाचा निकाल असायचा ना, तेव्हा मी बाथरूममध्ये नळ सोडून बसायचे. स्वतःच्या निकालाला मात्र खुशाल जायचे. चेंडू माझ्याकडे येणार असेल तर मला काही होत नाही. तू मारणार आणि मी नुसतं बघत उभी राहणार, हे नाही जमत मला."

माझे सगळे तर्क पार तोंडावर आपटले होते.

"आणि लंबू?"

"तिला हेच हवंय. म्हणते, असे पॉइंट सगळे तूच घे, मी एकही मागणार नाही." बारकी उठली. "सोयीचंच आहे की मला."

मला हसू येईना आणि रडूही. सोयीचं तर खरंच होतं.

समोरच्या जोडीला सामना जिंकायला एकच गेम हवा होता, सर्व्हिसही त्यांचीच होती, आणि गुण झाले चाळीस-चाळीस. हा पॉइंट गेला की सामना गेला. मी सवयीने नेटकडे निघाले.

"वहिनी, थांब," बारकी म्हणाली. "तू घे."

"आत्ता? अगं, आत्ता कशाला?"

"घे म्हणते ना!"

आणि ती नेटपाशी जाऊन उभी राहिली. तिने रॅकेट इतकी आवळून धरली होती की मला मागूनही तिच्या मनगटाच्या शिरा दिसत होत्या. सर्व्हिस माझ्या बॅकहँडवर आली. मी ती नीट परतवली, पुढचा फटकाही, त्याच्या पुढचाही. बारकीपर्यंत चेंडू एकदाही आला नाही. मग समोरची पुढे धावून आलेली पाहून मी तिच्या डोक्यावरून उंच चेंडू काढला. तो छान गेला, वाऱ्यावर जरा रेंगाळला आणि रेषेच्या बोटभर बाहेर पडला.

हस्तांदोलनं झाली. मी बारकीकडे बघायचं टाळत बॅग भरत होते. कुंपणापलीकडे लंबू उभी होती. तिला राहवलं नाही. "तू का नाही घेतलास? तुझाच होता तो पॉइंट!"

"आमच्यात आता आळीपाळीने घेतात," बारकी म्हणाली. "तू दुसरी कुणीतरी बघ गं."

लंबू निघून गेली. मी टॉवेलात तोंड खुपसून हमसाहमशी रडले. हरल्याचं दुःख त्यात जेमतेम चमचाभर असेल. डोकं वर काढलं तेव्हा बारकी शेजारच्या खुर्चीत बसली होती, चेहरा पांढराफटक, रॅकेट अजून तशीच आवळून धरलेली.

"वहिनी," ती म्हणाली, "इतकी वर्षं तू तिथे कशी गं उभी राहिलीस?"