दुभती की भाकड

मला आइस्क्रीम खायचं होतं. अख्खं, एकटीनं, बसून. एवढ्यासाठी मी त्या गाईंच्या फार्मवर गेले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी माझ्यावर गोप्रेमाचा आळ घ्यायला नको. तिकिटं लेकीनं काढली होती. फार्म चालता होता, रोज धारा निघत होत्या, आणि मधून पायवाटा काढून लोकांना हिंडायला सोडत होते. हे, म्हणजे माझे यजमान, निवृत्त झाल्यापासून एका खुर्चीतून उठून दुसऱ्या खुर्चीत बसतात आणि दमतात. तर बाबांचे पाय मोकळे होतील, असं लेकीचं म्हणणं. माझे पाय मोकळे व्हावेत असं कोणाचंच म्हणणं नसतं, कारण ते कधी थांबलेले कोणी बघितलेच नाहीत.

फाटकाशी एक बाई प्लॅस्टिकच्या बिल्ल्यांची टोपली घेऊन बसली होती. वर न बघताच तिनं विचारलं, "दुभती की भाकड?"

"भाकड म्हणजे?" यांनी विचारलं.

"दूध थांबलेली. रिकामी."

"मग मी भाकड," हे म्हणाले, आणि इतक्या समाधानानं म्हणाले की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं त्यांच्या गळ्यात पिवळा बिल्ला अडकवला आणि माझ्याकडे मान वळवली.

"आणि या?"

खरं तर ती वाटेबद्दल विचारत होती. एक वाट दुभत्या गाईंच्या गोठ्याकडून जायची, दुसरी भाकड गाईंच्या कुरणाकडून, आणि आइस्क्रीमची खिडकी होती या दुसऱ्या वाटेवर. हे सगळं मला मागाहून कळलं. त्या घडीला मला एवढंच समजलं की एक परकी बाई मला चारचौघांत रिकामी म्हणायच्या बेतात आहे. आमच्या सासूबाईंनी मला नाही नाही ते म्हटलं, पण रिकामी म्हणायची त्यांचीही छाती झाली नाही.

"मी दुभती," मी ठणकावून सांगितलं. मागे रांगेत कोणीतरी खोकलं.

मला निळा बिल्ला मिळाला. पुढे एक लोखंडी दार होतं, ते गळ्यातला बिल्ला वाचून आपोआप फिरायचं. यांच्यासाठी ते डावीकडे फिरलं. तिकडे तळं, झाडं, बाकं. माझ्यासाठी उजवीकडे फिरलं आणि मी शेणात पाय ठेवला.

मी परत वळले, तर दार हलेना. गमबूट घातलेला एक गवळी शेजारून चालला होता, त्याला मी थांबवलं.

"दार चुकलंय तुमचं."

"दार चुकत नाही, काकू."

"अहो, पण मी गाय नाही."

"ते दार बघतच नाही. दुभती की भाकड, एवढंच बघतं."

मी गाईंमागून चालू लागले. वाटेत एका खांबाला भलामोठा गोल ब्रश होता, पाठ टेकली की फिरणारा. माझी पाठ चुकून टेकली आणि मग मी ती चुकून बराच वेळ टेकवून ठेवली. यांना पाठ खाजवायला सांगावं, तर हे पेपर वाचता वाचता खांदा खाजवतात. मागची गाय खोळंबून माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, थांब जरा, आत्ताच आलेय.

शेवटी आम्ही सगळ्या जणी धारेच्या लांब खोलीत ओळीनं उभ्या राहिलो. प्रत्येकीच्या डोक्यावर एक फलक होता. इतरांचे आकडे भराभर चढत होते. माझ्या फलकावर दिवा लागला आणि आलं, शून्य लिटर.

तोच गवळी माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "आज काय झालं, काकू? काल किती दिलंत?"

"काल?" माझं टाळकंच सरकलं. "काल दोन्ही वेळचा स्वयंपाक, यांच्या शर्टांची इस्त्री, नातवाचा अभ्यास, शेजारणीची चादर शिवून दिली, आणि रात्री यांना हरवलेला चष्मा शोधून दिला."

त्यानं गंभीरपणे मान हलवली. "म्हणजे आटलं," तो म्हणाला आणि त्यानं गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

डॉक्टरीणबाईंनी माझे डोळे तपासले, जीभ बघितली. "जीभ उत्तम आहे," त्या म्हणाल्या. तेवढं मला माहीत होतं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही याआधी भाकड कधी होतात?"

"मी कशाला भाकड असेन?"

"अहो, प्रत्येक गाईला दोन वेतांच्या, म्हणजे बाळंतपणांच्या, मधे दोन महिने सोडतो आम्ही. धार नाही, काही नाही. खायचं आणि बसायचं. नाहीतर पुढे दूध उतरत नाही. तुम्हाला कधी सोडलं होतं?"

मी आठवू लागले. अपेंडिक्स काढलं तेव्हा दवाखान्यात होते खरी. पण तेव्हाही सलाइन लावलेल्या हातात फोन धरून साखर कुठल्या डब्यात आहे ते सांगत होते. तसं मी त्यांना सांगितलं.

"गाईला असं वागवलं असतं तर आमचा परवाना गेला असता," त्या म्हणाल्या.

आणि मला रडू आलं. तिथेच, दोन गाईंच्या मधे, शून्याच्या खाली उभी राहून मी चांगली हमसून रडले. कोणी आजवर मला हे विचारलंच नव्हतं.

त्यांनी माझ्या पायाला लाल पट्टा बांधला, गळ्यात पिवळा बिल्ला घातला, आणि या खेपेला दार डावीकडे फिरलं.

हे तळ्याकाठी एका बसलेल्या गाईशेजारी बसले होते. दोघांचाही चेहरा सारखाच निवांत. "बरं झालं आलीस. अगं, माझा चष्मा कुठाय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात खिडकीतला आइस्क्रीमवाला म्हणाला, "काका, लाल पट्टा आहे. त्यांच्याकडे काही मागायचं नाही." आणि त्यानं मला मोठा कप भरून दिला. मी बाकावर बसून खाल्लं. सावकाश. मग आणखी एक मागितलं.

उन्हं उतरली तसे हे उठले. "चल, निघू या. घरी गेल्यावर काहीतरी साधंच कर."

मी सवयीनं कप हातात घेऊनच उठले. पण दार हलेना. डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "दोन महिने."

"मग घरचं कोण बघणार?" यांनी विचारलं.

"दुभत्यांत एक जागा रिकामी झालीच आहे," असं म्हणून त्यांनी यांच्या गळ्यातला पिवळा बिल्ला काढून निळा घातला. दार उजवीकडे फिरलं. हे पाठमोरे जाता जाता ओरडले, "अगं, पण तिथे मी करू काय?"

मला सगळं पाठ होतं. पण तोंडात आइस्क्रीम होतं.

थोड्या वेळानं तळ्यापलीकडे धारेच्या उघड्या खोलीत यांचा फलक पेटला. मी डोळे बारीक करून वाचलं. अर्धा लिटर. आणि टाळ्या सुरू झाल्या. गवळी बादल्या खाली ठेवून टाळ्या वाजवत होते. फाटकावरची बाईसुद्धा टोपली टाकून धावत आली. कोणीतरी यांच्या पाठीवर थाप मारली आणि यांनी संकोचून मान खाली घातली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अर्ध्या लिटरला टाळ्या?"

"पहिल्यांदाच दूध देतायत ना," डॉक्टरीणबाई माझी समजूत घालत म्हणाल्या. "पहिल्या वेताची गाय म्हणजे पहिलारू. पहिलारूचं सगळेच कौतुक करतात हो. तुमचंही केलं असेल."

मी पहिल्यांदा त्या घरात चूल पेटवली तेव्हा कोण काय म्हणालं होतं, ते मी आठवू लागले. काही आठवेना. पण घाई नव्हती, दोन महिने होते.