छत्तीस चर, तीन लग्नं

आमच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेली. तळाशी ओळ होती : ‘आहेर अवश्य आणावा. टिकास, फावडं किंवा घमेलं.’ पहिला फोन मामाचा आला.

“राजदीप, पत्रिका कोनं लिहिली?”

“नवरीनं.”

“मंग बरोबर असंन,” मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

नवरी म्हणजे प्रियंका. तीन वर्षांपूर्वी गावातल्या सोळा विहिरींपैकी अकरा मार्चमध्येच आटल्या, तेव्हा ही बाई एकटीच टिकास घेऊन गावाबाहेरच्या गोटमाळ टेकडीवर गेली आणि उताराला आडवे चर खणू लागली. पळणारं पाणी चरात थांबतं, मुरतं, कडेला झाड जगतं. हळूहळू गट जमला. मी वणीला कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर कारकून. सहा दिवस कोळसा मोजायचा आणि सातव्या दिवशी हवामान सुधारायला टेकडीवर जायचं, असं माझं धोरण होतं. तिथेच आमचं जमलं.

२०२१चा मे उजाडला तेव्हा साठपैकी चोवीस चर झाले होते. छत्तीस बाकी. प्रियंकाच्या अंगणात दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत सातशे रोपं उभी होती : मोह, बेहडा, चारोळी, कडुनिंब. दोन वर्षांची. मुळं पिशव्या फाडून बाहेर डोकावत होती. या मृगाला जमिनीत गेली नाहीत तर संपलीच. आणि चराशिवाय लावली तर गोटमाळच्या मुरमात दिवाळीसुद्धा बघणार नाहीत.

पण गावात करोना होता. एप्रिलमध्ये चार माणसं गेली. त्यांत पुंडलिकराव, ज्यांनी प्रियंकानंतर दुसरा चर खणला होता. त्यांच्या मातीला मोजून पाच जण होते. त्यानंतर गट म्हणू लागला, यंदा राहू दे. आधी माणसं वाचू दे. वर जमावबंदी. पाच माणसं जमली की जमादाराची मोटरसायकल हजर.

“बिमारी आली म्हणून उन्हानं सुट्टी घेतली काय?” प्रियंका म्हणाली. “काल पंचेचाळीस होतं.”

तिने सरकारी आदेश तीनदा वाचला. तिसऱ्यांदा तिला एक ओळ सापडली. सगळ्याला बंदी, पण लग्नाला परवानगी : एकूण पंचवीस माणसं, दोन तास. ती तोंडाला मास्क लावून आमच्या फाटकाबाहेर सहा फुटांवर उभी राहिली.

“राजदीप, आपलं लग्न पुढं ढकललं होतं न?”

“हाव. चारशे मानसाईचं होतं.”

“सोळा तारखेले करू. गोटमाळवर.”

इतक्या ओढीने मला आजवर कोणी मागितलं नव्हतं. ओढ माझ्यापेक्षा पंचवीस माणसांची जास्त होती, पण पंचविसांत मीही होतो.

माझे बाबा, धर्मपाल, हादरले. “तीस वर्षं मी अख्ख्या तालुक्यात जेवलो. आता लोकाईले जेवू न घालता खड्डे खोदाले लावू? लोक काय म्हनतीन?”

“म्हनतीन, धर्मपालनं खड्डे खोदाले लावले,” आई म्हणाली. आईचं नाव सत्यशीला, आणि ती नावाला जागते.

प्रियंकाचा नियम असा : एका चरात एकाच घरातली दोन माणसं, दोन चरांत दहा हात अंतर. बारा जोड्या म्हणजे चोवीस. पंचविसावे बौद्धाचार्य उकंडाजी. नवरा-नवरी नुकतेच एका घरातले झालेले, म्हणून आम्हालाही एक चर.

उकंडाजींनी वंदना घेतली, त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले. अकरा मिनिटं लागली. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि माइकशिवाय जाहीर केलं, “एक तास एकोनपन्नास मिनिटं राह्यली.”

पांढरी साडी खोचून नवरी चरात उतरली. दहा हातांवर मामा-मामी खणत होते.

“तिकडं कायले फेकून राह्यले? बांध खालच्या अंगाले पाह्यजे.”

“वीस वर्षं झाली, तू मले एक काम धड करू देत नाई.”

“धड केलंच नाई त करू कसं देऊ?”

दोन तासांत बारा चर झाले. भांडणाने हात चालतो, हा शोध त्या दिवशी लागला.

पुढच्या आठवड्यात गावातल्या शाम आणि अपेक्षाचं लग्न टेकडीवरच लागलं. त्यांचं वर्षभर अडलं होतं. प्रियंकाने दोन्ही घरं तीन दिवसांत राजी केली. भटजींचा मुहूर्त दहा बेचाळीसचा, त्यामुळे वऱ्हाडाने नऊपासून खणलं, मंगलाष्टकांपुरतं डोकं वर काढलं आणि पुन्हा खाली घातलं. आणखी बारा.

बारा उरले आणि गावातली लग्नं संपली. लग्नाला तयार असा एकच माणूस होता, अडुसष्ट वर्षांचे विधुर देवीलाल. कोणाशी, ते त्यांनी आमच्यावर सोडलं होतं. मृगाला बारा दिवस.

जेवताना प्रियंका भाकरीकडे नुसती बघत होती. आई म्हणाली, “आमच्या लग्नाची नोंद कुठी हाये?”

बाबांचा घास थांबला. “कुठीच नाई. तवा कोन करत होतं?”

“मंग करून टाकू.”

दुसऱ्या दिवशी बाबा लग्नाच्या परवानगीसाठी तहसीलमध्ये उभे होते. मी शेजारी, पुरावा म्हणून.

“वराचं वय?” कारकुनाने विचारलं.

“चौपन्न.”

“आधीची बायको?”

“जे वधू हाये, तेच.”

“म्हणजे घटस्फोट?”

“नाई जी. अजून हिंमत नाई झाली.”

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. “हा कोण?”

“वराचा मुलगा.”

त्याने शिक्का मारला. त्या महिन्यात त्याने याहून वाईट कागद पाहिले असणार.

एकोणतीस तारखेला माझ्या आईबाबांचं लग्न लागलं. बाबा नवे कपडे घालून चरात उतरले आणि पहिल्याच घावाला म्हणाले, “हे दगडाचं हाये.” तासाभराने जमादार आले. मोटरसायकल खाली लावून, धापा टाकत वर. त्यांनी बोट दाखवत मोजलं.

“पंचवीस.” आवाजात निराशा होती.

“सव्वीस,” प्रियंका म्हणाली. “तुमाले धरून.”

जमादारांनी पुन्हा मोजलं. नियम त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होता. उकंडाजी शांतपणे उठले. “माहं काम झालं. मी उतरतो.” पुन्हा पंचवीस झाले, आणि त्यांत जमादार वऱ्हाडी ठरले.

“आहेर आनला काय?” आईने चरातून विचारलं.

त्यांनी रिकाम्या हातांकडे पाहिलं. खाली दिसणाऱ्या विहिरींत त्यांच्या सासऱ्याचीही एक होती, आटलेली. त्यांनी सगळ्यांपासून दूर ठेवलेलं एक घमेलं उचललं आणि माती बांधावर टाकू लागले. वेळ संपताच शिट्टीही त्यांनीच वाजवली.

अकरा चर पुरे झाले होते. नवरदेवाच्या चराचे चार हात बाकी. बाबांना दगड लागलाच होता.

“पाचापेक्षा कमी मानसं थांबू शकतात,” प्रियंका म्हणाली. जमादारांनी मान डोलावली आणि बाकीचं वऱ्हाड घेऊन उतरले. एका घरातले आम्ही चौघं राहिलो. ऊन बेचाळीसच्या पुढे. मी दगडाखाली सब्बल लावली, बाबांनी घाव घातले, त्या दोघींनी माती ओढली. दोन वाजता साठावा चर झाला. बाबा त्यात आडवे झाले आणि लांबी बरोबर आहे म्हणाले.

मृगाला लावणी सुरू झाली, चार-चार माणसांनी. सातशे रोपांना अकरा दिवस लागले. पुंडलिकरावांच्या चरावरचा मोह त्यांच्या बायकोने लावला.

जेवणाचं मात्र बाबांच्या मनातून गेलं नाही. दिसेल त्याला सांगतात, “जेवन पक्कं हाये. चारोळी पिकली का खीर.”

“बाबा, फळ याले पाच-सहा वर्षं लागतीन,” प्रियंकाने सांगितलं.

बाबांनी पाण्याचा डबा उचलला आणि टेकडीकडे निघाले.