कुठले गायकवाड?

जांबे गावातल्या अण्णासाहेबांच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी प्राचीन ग्रीक संवादांचं वाचन चाले. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले अण्णासाहेब एकेक ओळ मराठीत उलगडून सांगत. "आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं, तिथंच थांबून विचारा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकायला आयटीतली पोरं येत, गावातले खोलीमालकही येत. कारण हिंजवडीच्या कृपेनं गावात आता शेतं कमी आणि भाड्याच्या खोल्या जास्त. खुद्द अण्णासाहेबांच्याही माडीवर खोल्या होत्या.

सगळ्यांत नेमके प्रश्न विचारी ती तृप्ती, आणि अण्णासाहेब तिचं तोंडभरून कौतुक करत. एका रविवारी ती मागे थांबली.

"सर, मला जागा सोडावी लागतेय. तुमची वरची खोली रिकामी आहे ना?"

"अगं, तुझीच समज," अण्णासाहेब म्हणाले आणि सवयीनं पुढं बोलून गेले, "आडनाव काय तुझं?"

"गायकवाड."

"कुठले गायकवाड?"

हा प्रश्न तृप्तीला नवा नव्हता. या दारात मात्र तिनं तो अपेक्षिला नव्हता. "आम्ही बौद्ध, सर."

अण्णासाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "माझं काही नाही गं. पण घरात देवधर्म, सोवळंओवळं. हिला चालायचं नाही."

"काकूंना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय?"

तेवढ्यात काकूच दारात आल्या. "मला कवा कुनी इचारलंय?" त्या म्हणाल्या. "पोरगी हितं येती, माझ्या हातचा च्या पिती. वर ऱ्हायली तर माझं काय बिघडतंय?"

"मग सर, चालायचं नाही ते कुणाला?" तृप्तीनं शांतपणे विचारलं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! अण्णासाहेबांचा चेहरा उतरला. "ये तू राहायला. उद्याच ये."

"नको, सर. माझ्या प्रश्नाला उत्तर सापडेना म्हणून मिळालेली खोली आहे ती." तिनं नेहमीसारखा नमस्कार केला आणि ती गेली.

पुढच्या रविवारी गावातल्या खोलीमालकांपैकी कैलासनं विचारलं, "तृप्ती दिसंना आज?" त्याच्या बिल्डिंगीत सगळे भाडेकरूच होते.

ऑफिसच्या कामाची सबब अण्णासाहेबांच्या जिभेवर आली होती. शरमेनं मान वर होईना. "मी तिची जात विचारली," ते म्हणाले. "खोली नाकारली, आणि खापर बायकोवर फोडलं."

कैलासनं समजूत काढली. "सर, मनाला लावून नका घेऊ. आमी बी इचारतोच की. समदेच इचारत्यात."

त्या दिलाशानं अण्णासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पुस्तक मिटलं. "का विचारता, कैलास?"

"का म्हंजी?" कैलास हसला. त्यानं आधारासाठी बाकीच्यांकडं पाहिलं. ते जमिनीकडं पाहत होते.

"घाई नाही," अण्णासाहेब म्हणाले. "मीही आठवडाभर कारणच शोधतोय. आज वाचन नाही. प्रत्येकानं आपापलं कारण सांगायचं, आणि ते तृप्तीच्या तोंडावर सांगता येईल असं हवं."

काकूंनी आणलेला चहा सगळ्यांच्या हातातल्या कपांत निवून गेला.