शेवटचे सतरा सामने

ऑगस्टचा शेवटचा रविवार होता. साउथहॅम्प्टनमध्ये संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि पेनसिल्व्हेनियात भर दुपार. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आयपॅड उभा करून उल्का आणि शशिधर मुलाचा बेसबॉलचा सामना बघत होते. अर्जुनने बॉल टाकला, परत घेतला आणि ग्लोव्हच्या आड डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट दोनदा उघडून मिटलं.

उल्काने हातातली पोळी ताटात ठेवली.

"काय झालं?" शशिधरने विचारलं.

"काही नाही."

पुढच्या बॉलनंतर त्याने तेच केलं. त्याच्या पुढच्या बॉललाही. कोपर नेहमीपेक्षा खाली येत होतं. उल्का बावीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात फिजिओ होती. त्यातली पंधरा तिने खांदे आणि कोपरं बघण्यात घालवली होती. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट सैल व्हायला लागलं, की तिथली नस ओढली जाते आणि नेमकी हीच दोन बोटं बधिर होतात. समोर बसलेल्या पेशंटला तिने एवढंच बघून तपासायच्या टेबलावर घेतलं असतं.

अर्जुन सव्वीस वर्षांचा होता. लहानपणापासून फास्ट बोलर. एकोणिसाव्या वर्षी काउंटीच्या क्रिकेट अकॅडमीने त्याला वगळलं, त्यानंतर आठ महिने तो खोलीबाहेर फारसा आला नाही. मग एका मित्राने त्याला कॉमनवरच्या, म्हणजे शहरातल्या मोकळ्या मैदानावरच्या, बेसबॉल क्लबात नेलं आणि तिथे कोणीतरी म्हणालं, या पोराचा हात पिचरचा आहे, बेसबॉलमधल्या बोलरचा. आता तो पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावाच्या मिलर्स नावाच्या संघात होता. मोठ्या लीगच्या दृष्टीने अगदी तळाची पायरी, पण पगार मिळत होता. तिसरा सीझन होता. मिलर्स पहिल्या जागेपासून दोन सामने मागे होते आणि सतरा सामने उरले होते.

दुसऱ्या दिवशी लंचब्रेकमध्ये उल्काने हॉस्पिटलामागच्या बाकावर बसून त्याला फोन लावला.

"करंगळी बधिर होतेय ना?"



"आई, तू ते स्क्रीनवर बघितला?"

"किती दिवस होतंय?"

"दोन बोट झोपतात, मग उठतात. नो बिग डील."

"अर्जुन, ते झोपणं नाहीये. स्कॅन करून घे. दोन आठवडे बॉल टाकू नकोस."

"दोन आठवड्यांनी सीझनच नसणार! आई, लिसन. आम्ही फर्स्ट येऊ शकतो. मोठ्या क्लबचे लोक बघायला येतायत. मी आता बसलो तर दुसरा कोणीतरी उभा राहील, अँड दॅट्स इट. प्लीज, बाबांना सांगू नको. कोणालाच नको."

"मी फिजिओ आहे रे."

"तिथे आहेस. माझी नाही."

तिने शब्द दिला आणि दोनच दिवसांत मोडला. आधी शशिधरला सांगितलं. तो बंदरात कंटेनर उचलणाऱ्या क्रेन्सचा इंजिनिअर होता. मुलाचा प्रत्येक सामना वहीत टिपून ठेवायचा. अर्जुनचा स्पीड ताशी त्र्याण्णव मैलांवरून एकोणनव्वदवर आलाय, हे त्यालाही दिसलं होतं.

"दमला असेल," तो म्हणाला. "क्रेनसुद्धा कुरकुरते. म्हणून लगेच पडते का?"

"पण कुरकुरली की तू ती बंद करतोस ना? तपासेपर्यंत?"

शशिधरने वही मिटली. "उल्का, त्याला एकदा थांबवलंय लोकांनी. त्या आठ महिन्यांत आपण त्याच्या दाराबाहेर ताटं ठेवत होतो. आता आपण दोघांनीच त्याला थांबवायचं? माझ्याच्याने नाही होणार."

त्या ताटांतली निम्मी तिनेच परत उचलली होती.

तरी गुरुवारी तिने क्लबच्या वेबसाइटवरून तिथल्या फिजिओचा पत्ता शोधून मेल लिहिला. आई म्हणून नाही; रिपोर्ट लिहावा तसा, लक्षणं, शंका, कोणती तपासणी तातडीने हवी. स्वतःचं पद आणि रजिस्ट्रेशन नंबर खाली घातला.

शुक्रवारी उत्तर आलं. अतिशय सभ्य. तुमची काळजी आम्ही समजू शकतो, परंतु खेळाडूच्या परवानगीशिवाय त्याच्या तब्येतीविषयी कुटुंबीयांशी चर्चा करता येत नाही.

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. जवळजवळ याच शब्दांत तिने कितीतरी आयांना ते ऐकवलं होतं. त्या आया क्लिनिकच्या दारात पर्स छातीशी धरून उभ्या राहायच्या आणि ती त्यांना हळू आवाजात, समजुतीने सांगायची. त्यानंतर त्या कुठे जायच्या, बसस्टॉपवर बसून काय करायच्या, हे तिच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

शनिवारी अर्जुनचा फोन आला.

"तू मेल केलीस? त्यांनी मला बोलावून विचारलं. सगळ्यांसमोर!"

"मग तू काय सांगितलंस?"

"आय सेड आय्म फाइन. माझी आई जरा वरी करते, असं सांगितलं. ते हसले."

"अरे, दाबून तरी बघितलं का कोणी? कोपर वाकवून?"

"आई, आता सीझन संपेपर्यंत फोन नको. आय मीन इट."

आणि खरंच त्याने उचलला नाही. ती मेसेज टाकायची, निळ्या खुणा यायच्या, बाकी काही नाही. मिलर्स जिंकत होते. शशिधर सकाळी उठून स्कोअर वाचून दाखवायचा. आधी उत्साहाने, मग नुसतेच आकडे. अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी. एकदा त्याने स्पीड वाचलाच नाही, तेव्हा तिनेही विचारलं नाही. क्लिनिकमध्ये एक रंगारी आला. त्याचं कोपर हातात धरून तपासताना तिचा अंगठा नेमक्या जागी गेला आणि तिला एकदम रडू फुटेल असं वाटलं. "पाणी पिऊन येते," म्हणून ती बाहेर गेली.

सतरा सप्टेंबरला शेवटचा सामना होता. मिलर्स आणि समोरचा संघ तक्त्यात बरोबरीत; जिंकेल तो पुढच्या बाद फेऱ्यांत, प्लेऑफमध्ये. नऊपैकी आठव्या डावात मिलर्स एका धावेने पुढे होते तेव्हा कडेचं दार उघडून अर्जुन बॉल टाकायला मैदानात धावत आला. गावातले तीन-चार हजार लोक उभे राहिले.

"नको," उल्का म्हणाली. आयपॅडला म्हणाली.

पहिला बॅट्समन बाद झाला. शशिधरने तिचा हात घट्ट धरला होता, इतका की अंगठी रुतत होती. दुसऱ्याला अर्जुनने दोन बॉल टाकले. मग तिसरा. तो कॅचरच्या डोक्यावरून तीन हात उंच गेला आणि मागच्या जाळीवर आदळला.

"अरे, घामाने निसटला," कॉमेंटेटर हसत म्हणाला.

अर्जुन मात्र बॉल कुठे गेला ते बघत नव्हता. डावं कोपर उजव्या हाताने पोटाशी धरून तो वाकला होता, थंडी वाजणाऱ्या माणसासारखा. आणि तेवढ्यात पडद्यावर गावातल्या एका टायरवाल्याची जाहिरात लागली. चार टायर घ्या, एक फुकट बसवून देऊ. ती संपली, पुन्हा पहिल्यापासून लागली. शशिधर बोटाने पडदा दाबत राहिला, जणू जाहिरात बाजूला सरकवता येईल. उल्काने फोन लावला. अर्जुनचा फोन ड्रेसिंगरूममधल्या कपाटात वाजत असणार, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने सहा वेळा लावला.

चित्र परत आलं तेव्हा दुसराच पिचर उभा होता.

पाऊण तासाने मेसेज आला. "वी वॉन." त्यानंतर बऱ्याच वेळाने दुसरा: "आई, हात गेला."

प्लेऑफमध्ये मिलर्स पहिल्याच फेरीत हरले. अर्जुनने ते बाकावर बसून बघितलं आणि तो साउथहॅम्प्टनला घरी आला. लिगामेंट पूर्ण फाटलं होतं. ऑपरेशन डिसेंबरमध्ये झालं. स्वतःच्या मुलावर उपचार करता येत नाहीत, म्हणून उल्काच्या शेजारच्या टेबलावर तिची सहकारी त्याचा हात वाकवायची आणि उल्का पडद्याआड दुसऱ्या कोणाचा तरी.

फेब्रुवारीत एका सकाळी क्लबचा मेल आला. अर्जुनने तो नाश्त्याच्या टेबलावर मोठ्याने वाचला. कॉन्ट्रॅक्ट वाढवत नाही, शुभेच्छा. त्याने फोन उलटा ठेवला आणि टोस्टचे तुकडे करत बसला.

"आई, तू अजून भांडायला पाहिजे होता," तो म्हणाला.

उल्काने त्याच्याकडे पाहिलं. रागाने म्हणत नव्हता तो. लहानपणी पडल्यावर विचारायचा तसं, खरंच विचारत होता.

"तू ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग?"

"तरीपण."

शशिधर उठला, त्याने दुसऱ्या टोस्टला लोणी लावलं आणि बशी मुलासमोर सरकवली. अर्जुनने हरकत घेतली नाही. साडेआठची बस चुकेल म्हणून उल्का उठली, कोट चढवला, बटणं लावली आणि तरी दारात उभी राहिली. काहीतरी सांगायचं होतं. मग ती आत आली आणि पुन्हा त्याच्या शेजारी खुर्चीवर बसली.