दोन गाल, दोन ट्यूब

"मान वळव. आता दुसरीकडे," सिस्टर म्हणाल्या आणि फोटो न काढताच त्यांनी कॅमेरा खाली घेतला. पोरीचे दोन्ही गाल सारखेच स्वच्छ होते. असं व्हायला नको होतं.

त्वचेच्या ओपीडीत मुरमांवरच्या दोन औषधांची तुलना करणारा अभ्यास चालला होता. उजव्या गालाला नुसतं अँटिबायोटिकचं जेल. डाव्याला तेच जेल, पण जंतू मारणारं आणखी एक औषध मिसळलेलं. हे दुसरं मोठं द्वाड. कपड्याला लागलं की रंगच उडवतं. सिस्टरनी पोरीच्या निळ्या युनिफॉर्मची कॉलर पाहिली. ती दोन्ही बाजूंनी पांढुरकी झाली होती.

"डाव्या गालाची ट्यूब उजव्यालाही फासलीस ना?"

पोरगी दुकानात काउंटरवर उभी राहायची. आधी तिनं आढेवेढे घेतले, मग रडकुंडीला आली. "मग काय करू? अर्धाच चेहरा बरा घेऊन गिऱ्हाइकापुढे उभी राहू? डॉक्टरांना सांगू नका ना, सिस्टर. ट्यूब बंद करतील. तुम्हाला काय कळणार..."

तेवढ्यात तिचं लक्ष सिस्टरच्या खड्ड्याखड्ड्यांच्या गालांकडे गेलं आणि तिनं जीभ चावली.

सिस्टरना राग आला नाही. वाईट मात्र वाटलं. इतक्या वर्षांनीही वाटतंच.

"कळतं गं बाई. कॉलेजात असताना मी महिनोन्‌महिने नुसतं अँटिबायोटिक चोळलं. आधी गुण आला, मग जंतू त्याला सरावले आणि मुरमं दुप्पट उसळली. आता तुझा उजवा गाल बघून हे लोक म्हणतील, नुसत्या जेलनंही भागतंय. मग पुढच्या पोरींच्या पदरात तेच पडेल."

पोरगी उठली आणि आपणहून डॉक्टरांच्या खोलीत गेली. सिस्टरचा जीव टांगणीला लागला. बरा होत आलेला चेहरा आपण आपल्या हातानं घालवला की काय, असं त्यांना झालं.

ती नाक पुसतच बाहेर आली. "चांगलं झापलं. अभ्यासातून काढलं मला. पण ट्यूब लिहून दिली, दोन्ही गालांना."

"मग झालं तर! तुझे फोटो आता आम्हाला नकोत."

"मला हवाय एक. समोरून, अख्ख्या चेहऱ्याचा."

सिस्टरनी स्टूल सरकवलं, दिवा नीट केला. त्यांचा स्वतःचा समोरून काढलेला फोटो घरात एकही नव्हता. लग्नातल्या प्रत्येक फोटोत त्या मान खाली घालून होत्या.

"हस की गं जरा," त्या म्हणाल्या, आणि पोरगी हसेपर्यंत थांबल्या.