बाजूला सारलेली परात

“कुणाच्या घरची म्हणायची गं तू?”

जिंदोने कणकेतून हात काढले नाहीत. “इथलीच आहे, बेबे,” एवढंच म्हणाली.

बचिंत कौरच्या मनात पाल चुकचुकली. गेली तीस वर्षं गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कणीक मळायचं काम तिच्या देखरेखीखाली चालत होतं. आणि आज, ऐन बाबा नानकांच्या गुरुपुरबाला, त्यांच्या जयंतीच्या दिवशी, ही कोण कुठली बाई सकाळीच येऊन सगळ्यांत मोठी परात पुढ्यात ओढून बसली होती. जात विचारायची सोय नव्हती. बाबांच्या घरात ते पाप. म्हणून बचिंतने बाकीचं सगळं विचारलं. माहेर कुठलं, नवरा काय करतो, राहतेस कुठल्या गल्लीत. जिंदो हसून बगल देत राहिली. तेवढ्यावरून बचिंतने ताडलं, ही गावाबाहेरच्या वस्तीतली. त्यांना त्यांचा वेगळा गुरुद्वारा आहे की! मग इथे कशाला कडमडली?

कर्ण्यावर गुरुद्वाऱ्याचे ग्रंथी भाई सुरैण सिंग यांची कथा चालू होती. धनवंताचं ताट नाकारून बाबा लालो सुताराकडे कोद्रूची भाकरी खायला बसले. बचिंतने सवयीने डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तेव्हा तिचं ठरलं होतं.

“यात केस निघालाय,” ती म्हणाली आणि परात भिंतीकडे सारली. “म्हशींना घाला ही.”

केस कुणी पाहिला नाही, पण बचिंत बेबेवर शंका कोण घेणार? जिंदो मुकाट्याने उठून भांडी घासायला बसली.

दुपारी गर्दी उसळली आणि रोट्या संपल्या. पंगतीतली माणसं दोन्ही हात पुढे धरून खोळंबली. भाईजी धावत आत आले, भरलेली परात पाहून चिडले आणि केसाचं कुणीतरी सांगताच, कुठाय तो केस, दाखवा, म्हणाले. खोटं उघडं पडलं तर उद्यापासून या चुलीशी बचिंतला कोण उभं करणार?

“माझा होता, भाईजी,” भांड्यांकडून जिंदो म्हणाली. “मीच टाकला काढून. चुकलं माझं.”

भाईजींनी तिला सगळ्यांदेखत झापलं आणि स्वयंपाकघरातून बाहेर घालवलं. बचिंत नवी कणीक मळायला बसली. हिचा यात काय डाव असेल? गावभर बोंब मारेल, की काही मागायला येईल? शेवटच्या पंगतीपर्यंत तिने डोकं चालवलं, पण डाव काही सापडेना. मग मात्र तिला स्वतःची लाज वाटली.

घरी निघताना ती जोडे ठेवायच्या खोलीशी आली. आत जिंदो बसली होती, संगतीचे, दर्शनाला आलेल्या सगळ्यांचे, जोडे ओढणीने पुसत.

बचिंतने आजूबाजूला पाहिलं. “केस नव्हता,” ती हळूच म्हणाली.

“ठाऊक आहे, बेबे. तुमचे जोडे कुठले?”

बचिंतला बोट दाखवता येईना. ते जिंदोच्या मांडीवर होते. एक पुसून झाला होता, दुसरा चालला होता.